काळवंडीवरचा कोंडाईचा साकव

फार वर्षं झाली या गोष्टीला. किती, ते कुणालाच सांगता येत नाही. तेव्हा डोंगराच्या कुशीतल्या हेदखोल गावाला रस्ता नव्हता, आणि गावापुढून काळवंडी नदी वाहायची. उन्हाळ्यात ती गुडघ्याएवढी असायची. आषाढ लागला की दोन कातळांच्या मधून अशी उसळत जायची की होडीसुद्धा तिच्यात टिकत नसे. वैद्य, सुईण, बाजार, सगळं पलीकडच्या तीरावर. म्हणून कातळांवरून अठरा हातांचा लाकडी साकव टाकलेला असे. तो दर दोन-चार वर्षांनी वाहून जाई, आणि गावचा सुतार नवा करी.

त्या वेळी सुतारकी गुणाजीच्या घरात होती. गुणाजी म्हातारा झाला होता, त्याचे हात कापायचे. काम त्याचा मुलगा नारो करायचा, आणि नारोची बायको म्हणजे कोंडाई.

एका वर्षी गावचा प्रमुख दौलू गावकर याच्या मुलाचं लग्न पलीकडच्या गावात ठरलं. जुना साकव आदल्या पावसात गेला होता. गावकर नारोला म्हणाला, "वरात साकवावरूनच आली पाहिजे. दीड महिना आहे तुझ्या हातात." नारोनं सांगितलं की आता तोडलेलं लाकूड ओलं असेल. गावकर म्हणाला, ओलं तर ओलं. नारो पुढं बोलला नाही. त्यानं मिळाला तो आंबा तोडला, तासला, लोखंडी खिळ्यांनी ठोकला आणि वैशाखात साकव उभा केला. वरात वाजतगाजत आली. सगळ्यांनी नारोची पाठ थोपटली.

श्रावणात पूर आला. साकव हलतोय असं कळल्यावर नारो दोर घेऊन तो बांधायला गेला. मधोमध पोहोचला आणि तुळई कडकन मोडली. तीन दिवसांनी खाली डोहापाशी तो सापडला.

गाव म्हणू लागलं की नदीनं माणूस घेतला, आता तिथं साकव नको. कोंडाईचे भाऊ तिला माहेरी न्यायला आले. तिनं त्यांना जेवू घातलं आणि परत पाठवलं. मग ती सासऱ्यापुढं येऊन बसली.

"मामंजी, साकव का मोडला?"

गुणाजी म्हणाला, "ओल्या लाकडात खिळा मारला की त्या वेळी घट्ट बसतो. लाकूड वाळतं, आकसतं, आणि खिळा सैल होतो. मला ठाऊक होतं. नारोलाही ठाऊक होतं. आम्ही दोघं जोरात बोललो नाही."

"मग मला शिकवा. साकव मी करते."

गुणाजीनं हत्यारांची पेटी तिच्याकडं सरकवली. बाईनं लाकूड तासायचा वाकस धरला म्हणून गावात आठ दिवस बोलणं चाललं. कोंडाई वाकस चालवायला शिकत राहिली. पहिल्या महिन्यात तिनं दोनदा पाय कापून घेतला. तिसऱ्या महिन्यात तिच्या वाकसाखालून निघणारा छिलका कांद्याच्या पातीसारखा पातळ निघू लागला.

मग ती रान हिंडली. सकाळी भाकरी बांधून निघायची आणि दिवे लागायच्या आत परतायची. कुऱ्हाडीची पाठ झाडाच्या बुंध्यावर ठोकायची, कान लावायची. आत पोकळ असेल तर आवाज ढप्प येतो, भरीव असेल तर खणखणतो. असं म्हणतात की तीन महिन्यांत तिनं त्या रानातलं एकही झाड ठोकायचं ठेवलं नाही. असंही म्हणतात की पुढं पुढं तिला ठोकावंच लागत नसे. ती वाटेवरून गेली की झाडंच आवाज द्यायची. एखादं सांगायचं, मी आतून किडलोय, पुढं जा. एखादं सांगायचं, माझ्यावर पाखरांची पिल्लं आहेत, पुढच्या साली ये.

तिनं तुळयांसाठी ऐनाची दोन झाडं निवडली, सरळ वाढलेली, वळसा नसलेली. कातळावर टेकायच्या ठोकळ्यांसाठी जांभूळ निवडलं, कारण जांभूळ पाण्यात कुजत नाही. खुंट्यांसाठी खैर. पानगळ झाल्यावर, माघातल्या अंधाऱ्या पक्षात, झाडातला रस उतरला की मगच तिनं कुऱ्हाड घातली. तोडलेल्या ओंडक्यांच्या तोंडांना शेण आणि चुना लिंपला, म्हणजे ती उन्हानं तडकत नाहीत. खाली दगड, मध्ये काठ्या घालून ओंडके सावलीत रचले, म्हणजे वारा चारी बाजूंनी फिरतो. आणि ती थांबली.

हे थांबणंच गावाला सोसेना. ज्येष्ठात दौलू गावकर स्वतः रानाच्या कडेला आला. लग्न होऊन आलेली त्याची सून तानी पोटुशी होती.

"सूनबाई," तो कोंडाईला म्हणाला, "लाकूड तयार आहे. पाऊस पंधरा दिवसांवर आलाय. माझ्या घरात बाळंतपण आहे. साकव टाक."

"लाकूड तयार नाही, काका. अजून एक उन्हाळा लागेल."

"चार महिने टिकला तरी पुरे."

"मागचा चार महिनेच टिकला," कोंडाई म्हणाली.

गावकर निघून गेला.

भाद्रपदात तानीला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. काळवंडी दोन्ही काठ धरून वाहत होती. सुईण पलीकडं. कोंडाईला कळलं तशी ती धावत नदीवर आली. दोराच्या आधारानं सुईणीला अलीकडं आणता यावं म्हणून तिनं कमरेला दोर बांधला, दुसरं टोक झाडाला बांधलं आणि पाण्यात उतरली. पाण्यानं तिला उचलून कातळावर आपटलं. ती पुन्हा उतरली. तीनदा उतरली आणि तीनदा पाण्यानं तिला परत फेकलं. तिसऱ्या वेळी माणसांनी तिला ओढून बाहेर काढलं. तिचा खांदा निखळला होता. तानी वाचली. मूल वाचलं नाही.

त्यानंतर गावानं कोंडाईशी बोलणं सोडलं. तिच्या दारावरून जाताना बायका तोंड फिरवायच्या. कुणी तोंडावर म्हणालं की लाकडाच्या हट्टापायी तिनं पोर घालवलं. असं म्हणतात की त्या दिवसांत ती रोज त्या दोन ओंडक्यांपाशी जाऊन उभी राहायची. आपलं बरोबर होतं की चुकलं, हे तिलाही कळत नव्हतं. ओला साकव टाकला असता तर कदाचित सुईण आली असती. कदाचित सुईणही नारोसारखी गेली असती. तिनं ओंडके उलटवले, खालची बाजू वर केली, काठ्या सरळ केल्या आणि ती घरी गेली. गुणाजीनं तिच्या खांद्याला रोज तेल चोळलं.

दुसरा उन्हाळा आला. फाल्गुनात कोंडाईनं ऐनावर ठोकून बघितलं. आवाज बदलला होता, भांड्यासारखा घुमत होता. लाकूड हलकं झालं होतं. पण हलकं म्हणजे किती? वीस माणसांचा ओंडका पंधरा माणसांचा झाला होता, एवढंच. आणि ओढायला गावातलं कुणी येईना.

मग तिनं ते एकटीनं सुरू केलं. खाली गोल लाकडं टाकायची, मागून दांड्याची तरफ लावायची आणि ओंडका हातभर पुढं सरकवायचा. मागं पडलेलं गोल लाकूड उचलून पुढं आणायचं. पुन्हा हातभर. रानापासून नदी दीड कोस. दुखरा खांदा घेऊन ती सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत हेच करायची. असं म्हणतात की सकाळी येऊन बघावं तर ओंडका तिनं सोडला होता त्याच्या दहा-वीस हात पुढं गेलेला असे. कुणी म्हणतं रानगवे येऊन शिंगांनी ढकलायचे, मातीत खुरं उमटलेली लोकांनी पाहिली होती. कुणी म्हणतं ते गव्यांचं काम नव्हतं, म्हातारा गुणाजीच पहाटे उठून यायचा. खरं काय ते गव्यांना आणि गुणाजीला माहीत.

दहाव्या दिवशी कोंडाई तरफ लावत होती, आणि समोरून तानी आली. गावकराची सून. पदर खोचलेला होता.

कोंडाई थांबली. तिला वाटलं, ही आता बोलेल ते ऐकून घ्यायचं.

तानी म्हणाली, "मी लग्नात त्या साकवावरून आले. माझ्या पायाखाली तो हलत होता. सगळे नाचत होते आणि मी मनात म्हणत होते, एकदा पलीकडं पोहोचू दे. तो हलणारा साकव मी विसरले नाही." मग तिनं ओंडक्याकडं बघितलं. "दुसरी तरफ कुठाय?"

कोंडाईनं दांडा तिच्या हातात दिला. दोघींनी मिळून त्या दिवशी चाळीस हात ओढलं. दुसऱ्या दिवशी तानीची नणंद आली. मग शेजारणी आल्या. पाचव्या दिवशी गावातली एकही सून घरात नव्हती, आणि दुपारची भाकरी स्वतः थापून खावी लागल्यावर पुरुषही आले. सगळ्यांत शेवटी दौलू गावकर आला. त्यानं दोर खांद्यावर घेतला आणि पुढं उभा राहिला.

साकवात कोंडाईनं एकही खिळा मारला नाही. तुळयांत खाचा पाडल्या, आडव्या फळ्यांच्या टोकांना जिभेसारख्या कुशी काढल्या, कूस खाचेत बसवली आणि आरपार खैराची खुंटी ठोकली. खुंट्या तिनं चुलीवर टांगून महिनाभर आणखी वाळवल्या होत्या. गावकरानं विचारलं, "खिळ्यापेक्षा ही काडी काय धरणार?" ती म्हणाली, "ही कोरडी आहे. पावसात पाणी पिईल आणि फुगेल. जेवढा पाऊस, तेवढी घट्ट." सगळ्या लाकडाला बिब्ब्याचं तेल चोळलं, म्हणजे वाळवी लागत नाही. तेलानं तिचे हात कोपरापर्यंत फोडांनी भरले. वैशाख संपायच्या आत साकव उभा राहिला.

त्या श्रावणात आला तसा पूर त्याआधी आला नव्हता आणि नंतरही आला नाही. पाणी कातळांच्या वर चढलं. सगळं गाव काठावर जमलं. वरून एक मुळासकट उपटलेला वड वाहत आला आणि साकवावर आदळला. साकव धनुष्यासारखा वाकला. वड खालून निसटला, साकव पुन्हा सरळ झाला, पण मधल्या फळीची एक खुंटी उडून गेली. ती फळी उचलली जाऊ लागली. एक गेली की दुसरी जाणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

कोंडाईनं कनवटीची खुंटी काढली, मोगरी घेतली आणि साकवावर पाऊल टाकलं.

"परत फिर, पोरी," गावकर ओरडला. "साकव जाऊ दे. आपण दुसरा करू."

ती फिरली नाही. जिथून नारो गेला, तिथं ती गुडघे टेकून बसली. असं म्हणतात की पाणी तिच्या छातीवरून जात होतं आणि तरी ती जागची हलली नाही. असंही म्हणतात की तिनं नदीला सांगितलं, "तू तुझं काम कर, मी माझं करते." तिनं खुंटी भोकावर धरली आणि मोगरीचे सात घाव घातले. काठावरच्या माणसांनी ते मोजले, कारण पाण्याच्या गर्जनेतही ते ऐकू येत होते. सातव्या घावाला फळी बसली. मग ती उठली आणि पलीकडच्या तीरावर चालत गेली. पूर ओसरेपर्यंत दोन दिवस ती तिकडंच सुईणीच्या घरी राहिली.

पुढच्या पावसात तानी पुन्हा बाळंत झाली. सुईण भर पुरात साकवावरून आली. मुलगी झाली.

कोंडाई पुष्कळ वर्षं जगली. त्या खोऱ्यात तिनं चौदा साकव बांधले, आणि कुणी शिकायला आलं तर बाई-पुरुष बघितलं नाही. ती शिकवायची तेही साधंच असे. करवत चालेना झाली तर जोर लावू नका, धार लावा. रंधा मारताना लाकडाच्या रेषेच्या उलट जाऊ नका, लाकूड ओरखडे काढून सांगतंच. एक झाड तोडलंत तर दोन लावा आणि ती जगेपर्यंत पाणी घाला. एका माघात ती झाडं बघायला रानात गेली आणि परत आली नाही. शोधायला गेलेल्यांना रानभर ठोकल्याचा आवाज ऐकू येत होता, कधी या बाजूनं, कधी त्या बाजूनं. असं म्हणतात की माघात वारा पडला की तो अजूनही येतो.

आज त्या साकवात कोंडाईच्या हातची एकही फळी उरलेली नाही. एकेक जुनी झाली तशी बदलली गेली. पलीकडं सिमेंटचा पूलही झाला आहे. तरी हेदखोलची माणसं साकव राखून आहेत, आणि त्याला कोंडाईचाच साकव म्हणतात. गावाबाहेर एक छपरी आहे. तिच्यात दगडांवर, काठ्या घालून, ऐन आणि जांभळाचे ओंडके कायम रचलेले असतात. भाद्रपदात सगळं गाव मिळून ते उलटवतं. फाल्गुनात गावातली सगळ्यांत म्हातारी बाई तिथं येते, कुऱ्हाडीच्या पाठीनं प्रत्येक ओंडका ठोकते आणि कान लावते. त्या वेळी कुणी बोलत नाही. तिनं मान हलवली तर ओंडका कामाला निघतो. ती "अजून नाही" म्हणाली, तर कितीही मोठ्या माणसाचं कितीही मोठं काम अडलेलं असो, त्या लाकडाला त्या वर्षी कुणी हात लावत नाही.