म्हाळू बेडकाकडून शिकतो

डोंगरपायथ्याच्या एका गावात म्हाळू नावाचा एक भोळा राहत होता. भोळा हे आपलं त्याच्या मामांचं म्हणणं. गाव जरा आखूड शब्द वापरायचं.

एकदा मामा-भाचे रानात गेले. पाचोळ्यातून साप सळसळत आला आणि एका बेडकाच्या नाकासमोरून निघून गेला. बेडूक पाचोळ्याच्याच रंगाचा. जागचा हलला नाही.

"बघितलंस?" मामा म्हणाले. "आजूबाजूच्या रंगाचं व्हावं आणि गप्प राहावं. नजर पडली की मेला."

म्हाळूने ते ध्यानात ठेवलं. ध्यानात ठेवण्यात तो कधी कमी पडला नाही.

मग एके दिवशी पाटलांचा बैल दावं तोडून गल्लीत शिरला. माणसं घरात पळाली. म्हाळू कशाला पळतो? शेजारी हिरव्या गवताचा भारा होता, तो अंगावर घेऊन गप्प बसला. बैल आला, थांबला आणि जेवायला लागला. गवत संपल्यावर त्याला सदऱ्याची बाहीही गोड लागली.

"अरे, बैलापुढं गवत कशाला झालास?" मामा म्हणाले. "काही बेडूक अशा वेळी अंग फुगवतात. एवढं मोठं धूड पाहून साप मागं सरतो."

हेही म्हाळूने ध्यानात ठेवलं.

पुढे त्याचं लग्न ठरलं. मुलीकडच्यांनी त्याला जेवताना पाहिलं होतं, बोलताना नाही. शिंपी कोटाचं माप घ्यायला आला. पिशवीतून त्याने टेप काढला. लांब, पिवळा, वळवळणारा. म्हाळूने गाल फुगवले, पोट फुगवलं, दम कोंडून धरला. शिंप्याने मुकाट माप घेतलं. कोट असा शिवून आला की नवरदेव आत मावून करवलीलाही जागा उरली.

मामांनी कपाळाला हात लावला. "माणसांत फुगून चालत नाही, बाबा. मिसळून राहावं. आणि उद्या जरा नीट वाग. सगळ्या वऱ्हाडाची नजर तुझ्यावर असणार."

नजर पडली की मेला, म्हाळू पुटपुटला. सगळ्या वऱ्हाडाची.

लग्नाच्या दिवशी नवरदेव सापडेना. विहीर पाहिली, माळा पाहिला. दमून मामा मांडवाच्या दारातल्या केळीच्या खांबाला टेकले. खांब जरा उबदार लागला, पण मामांना तेव्हा खांबाकडे बघायला सवड कुठली?

मुहूर्त टळायला आला. नवरीने एकदा दाराकडे पाहिलं. एका केळीच्या पायात नवे बूट होते. ती त्याबद्दल काही बोलली नाही. मान खाली घालून एवढंच म्हणाली, "बाबा, मुहूर्त चुकवू नका."

तिचा आतेभाऊ बिचारा जेवायला आला होता. त्यालाच बोहल्यावर उभं केलं. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, पंगती उठल्या. संध्याकाळी माणसं खांब उपटायला लागली, तेव्हा एक खांब शिंकला.

मामा धावत आले. पानं ओरबाडून काढली. "म्हाळ्या, अरे, तुझी बायको दुसऱ्याची झाली."

म्हाळूने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला, मामा," तो कुजबुजला. "दिवसभर अख्खं वऱ्हाड समोरून गेलं. एकालाही दिसलो नाही."