गुरुजी समाचाराला आले

एकदा एका मेंढपाळाच्या मुलीने विद्यापीठात शिकायचे ठरवले. तिचे नाव मैना. प्रतिकूल परिस्थितीतून आलेल्यांना त्या विद्यापीठात प्रवेशासाठी आणि वसतिगृहासाठी विशेष साहाय्य मिळत असे. आपली परिस्थिती स्वतःच्या शब्दांत लिहून पाठवायची, मग मुलाखत. ते साहाय्य मिळाले नाही, तर मैनाचे शिक्षण तिथेच थांबणार होते.

मैना लिहायला बसली आणि काळजीत पडली. वडील धडधाकट, आई हसतमुख. परिस्थिती पुरेशी वाईट दिसेना. गावातल्या एका जाणत्या गृहस्थाने सल्ला दिला, "वडील हयात असले की अर्ज मागे पडतो." मग मैनाने जड अंतःकरणाने कागदावर वडिलांना हृदयविकाराने मारले, आईची दृष्टी घालवली, आणि मजकूर आपल्या वृद्ध गुरुजींना दाखवला.

गुरुजींनी तो शांतपणे वाचला आणि परत दिला.

संध्याकाळी ते पांढरा सदरा घालून मैनाच्या घरी आले. ओसरीवर तिचे वडील, बिरूबा, भाकरी खात होते. गुरुजी त्यांच्याशेजारी मान खाली घालून बसले.

"फार वाईट झालं, बिरूबा."

बिरूबांचा घास हातातच राहिला. "कुणाचं, गुरुजी?"

"तुमचंच. अचानक गेलात."

"कुठं गेलो?"

एवढ्यात मैनाची आई चहा घेऊन आली. गुरुजी लगबगीने उठले. "सावकाश, वहिनी. उंबरा आहे. तुम्हाला दिसत नाही."

"मला दिसत न्हाई?" ती म्हणाली. "तुमच्या सदऱ्याचं बटण चुकलंय, ते चुलीपासनं दिसलं मला."

दाराआडच्या मैनाला पुढे येऊन सगळे सांगावेच लागले. बिरूबा रागावले नाहीत. थोडा विचार करून त्यांनी एवढेच विचारले, "मग मेंढरं कुणाकडं दिलीस?"

गुरुजी मैनाकडे वळले. "दिवाळीनंतर तुम्ही मेंढरं घेऊन कोकणात उतरता. नव्या गावाच्या वेशीवर हा माणूस आधी काय विचारतो?"

"शाळा कुठं आहे ते," मैना हळूच म्हणाली. "मग पाण्याचं."

"आणि शाळेत तुला बसू देतात?"

"कधी देतात. नाहीतर खिडकीपाशी उभी राहते."

"यातलं एक अक्षर तू लिहिलं नाहीस," गुरुजी म्हणाले. "दया यावी म्हणून परकं दुःख उसनं आणलंस, आणि स्वतःचे कष्ट घरीच ठेवलेस. हे साहाय्य म्हणजे भीक नव्हे. इतरांना शाळा जागेवर मिळाली, तुला ती गावोगाव शोधावी लागली. तेवढं अंतर भरून निघावं म्हणून ते आहे. आणि ज्याच्या आधारानं तू ते कापलंस, त्यालाच पहिल्या ओळीत मारून मोकळी झालीस."

मैनाने सगळे नव्याने लिहिले. मुलाखतीत एका बाईंनी विचारले, "मग अभ्यास कधी करायचीस?"

"मेंढरं रवंथ करायला बसली की. त्यांना घाई नसते."

बाई हसल्या आणि पुढे विचारत राहिल्या. मैना सांगत राहिली. प्रवेश मिळाल्याचे पुढे यथावकाश कळलेच. पण त्या दिवशी बाहेर पडताना तिच्या ध्यानात आले, की इतका वेळ आपली परिस्थिती सांगताना आपली मान एकदाही खाली गेली नव्हती.