कॉलरच्या आतलं नाव

"पण मास्तर, कॉलरच्या आत माझं नाव भरलं तर बिघडलं कुठं?" केतकीनं विचारलं.

बगाडे मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि शर्ट उलटा केला.

आमच्या कारखान्यात अंतराळवीरांचे कपडे शिवतात. ते फुगलेले पांढरे पोशाख नव्हेत. यानाच्या आत घालायचे साधे शर्ट आणि पँट. हे सांगितलं की ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो, मला त्याची सवय झालीय. मास्तर एकतीस वर्षं हेच करताहेत. केतकीला आठ महिने झालेत. कॉलेजात पहिली आलेली, हात सफाईदार आणि नाकावर राग.

तिचा पहिला शर्ट त्या दुपारी सीलबंद होऊन जायचा होता. मी शेजारच्या मशीनवर होते. काम करतेय असं दाखवत सगळं ऐकत होते.

"नाव कशाला?" मास्तर म्हणाले.

"बाबा म्हणतात, एवढं शिकून शेवटी शिवणकामच ना. इथं लागल्यापासून धड बोलत नाहीत माझ्याशी. शर्ट परत आला की मागून घेईन. त्यांच्यासमोर ठेवीन."

"परत?"

"म्हणजे... यान परत आल्यावर."

"शर्ट येत नाहीत गं परत."

"का?" केतकीनं विचारलं.

"तिथं धुवायला पाणी कुठलं? आठ-दहा दिवस घालतात. मग कचऱ्यात. कचरा खाली येता येता जळून जातो."

"तुमचेही?"

"सगळे."

"एकतीस वर्षांत एकसुद्धा..."

मास्तरांनी नाही म्हणून मान हलवली.

तिचे डोळे भरले. मला वाईट वाटलं. पहिल्याच दिवशी हे कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि ते मीही सांगितलं नव्हतं.

मास्तरांना तोवर काखेतल्या शिवणीत दोन टाके वाकडे दिसले होते. ते उसवू लागले.

"जळणारच आहे ना तो," केतकी म्हणाली.

"हो."

"मग उसवताय कशाला?"

मास्तरांनी सुईत दोरा ओवला. दोन टाके घातले, गाठ मारली, दोरा तोडला. मग तिचा हात धरून बोट कॉलरच्या आत, नावावरून फिरवलं. भरतकामाच्या गाठी बोटाला लागल्या.

"तिथं कपड्याला वजन नसतं. शर्ट खांद्यावर बसत नाही, वर सरकतो. कॉलर दिवसभर मानेला लागून राहते."

एवढं बोलून ते चहा प्यायला गेले.

शर्ट न्यायला माणूस येऊन दारात उभा राहिला. केतकीनं त्याला थांबवलं, बारीक कात्री घेतली आणि नावाचा एकेक टाका काढला. शेवटच्या अक्षराला हात जरा थांबला, पण तेही काढलं.

मास्तर परत आले. तिनं शर्ट पुढे केला.

"आता हा कुणी शिवला, कुणालाच कळणार नाही," ती म्हणाली. "बाबांना मी काय सांगू?"

मास्तरांनी डोळे मिटले. अंगठा कॉलरच्या आतून सावकाश फिरवला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत... मग पुन्हा एकदा.

"सांग," ते म्हणाले, "कुठंच बोचत नाही."