सगुणीने पोसलेला शब्द

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की राजाचे नाव काय आणि गाव कोणत्या वाटेवर, असे मला विचारू नका. मला ते ठाऊक नाही आणि गोष्टीला त्याची गरजही नाही. गावाला एक तळे होते, एक चावडी होती आणि देवळाच्या ओवरीत भरणारी एक शाळा होती, एवढे आपल्याला पुरे.

शाळेचे पंतोजी दूरच्या मुलखातून आलेले. आता म्हातारे झाले होते आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. समोरचे मूल त्यांना सावलीसारखे दिसे, अक्षर तर मुळीच दिसत नसे. पण कान शाबूत होते आणि त्या कानांना एक गोष्ट फार खुपत असे. पोरे धडा धडाधड वाचत. मात्र "काय वाचलंस रे?" असे विचारले की छताकडे बघत बसत.

एके सकाळी पंतोजींनी सांगितले, "आजपासून प्रत्येकानं एकेक शब्द पोसायचा. गाय पोसतात ना, तसा. तो कुठं राहतो, त्याचे सोयरे कोण, तो कशाला उपयोगी पडतो, सगळं शोधून काढायचं. आणि धड्यात भेटला की ओळख दाखवायची. तोंड फिरवून पुढं पळायचं नाही."

पोरांना हा खेळ भलताच आवडला. ज्याला 'वणवा' मिळाला तो गुराख्यांकडे जाऊन वणव्याच्या गोष्टी ऐकून आला. ज्याला 'गलबत' मिळाले त्याने पळसाच्या पानाचे गलबत करून तळ्यात सोडले. ज्या मुलीला 'सिंहासन' मिळाले ती तर दोन दिवस जमिनीवर बसेना.

मग कुंभाराच्या सगुणीची पाळी आली. पंतोजी म्हणाले, "तू 'किंवा' पोस."

सगुणीचे तोंड एवढेसे झाले. "ह्यो काय शब्द हाय व्हय? ह्याला ना तोंड ना शेपूट! कुनाला दावू तरी काय?" असे म्हणून ती रडायलाच लागली. तशी ती वाचण्यात सगळ्यांच्या मागे होती. एकेक अक्षर लावत लावत वाचायची, आणि त्यात हा असला शब्द वाट्याला आलेला.

घरी आईला विचारले तर आई म्हणाली, "आपल्यात न्हाई बाई म्हनत असलं काही." खरेच होते ते. त्या गावात सगळे 'न्हाईतर' म्हणत. 'किंवा' कुणाच्याच तोंडी नव्हता.

दुसऱ्या दिवशी पंतोजींनी तिला जवळ बोलावले. एका तळहातावर आवळा ठेवला, दुसऱ्यावर पिकलेले बोर. म्हणाले, "सगुणे, आवळा किंवा बोर घे."

सगुणीने दोन्ही उचलले. पंतोजींनी चाचपून तिच्या हातातली दोन्ही फळे परत घेतली. "किंवा आहे गं मध्ये!"

"म्हंजे एकच?"

"एकच. पण कोणतं घ्यायचं ते तुझं तू ठरवायचं. किंवा हुकूम करत नाही, तो विचारतो."

सगुणीने बोर उचलून खाल्ले आणि शब्द पोसायला घेतला. मग काय विचारता! "आये, भाकरी देतीस किंवा कालवन देतीस?" "आबा, मडकं घडवताय किंवा मोडताय?" शेवटच्या प्रश्नाला बापाने पाठीत धपाटा दिला. पण शब्द चांगला बाळसे धरत होता.

अशात राजाची आज्ञा आली. लाकडी पाटीवर रंगवलेली ती आज्ञा चावडीच्या भिंतीवर टांगली आणि वाचून दाखवायला वाचकदाजी उभे राहिले. गावच्या मोठ्या माणसांत वाचता येणारे तेवढे एकटेच. आवाज खणखणीत, वाचण्याचा झपाटा असा की ऐकणाऱ्याने नुसती मान डोलवावी. त्यांची एक सवय होती. 'श्रीमंत हुजुरांच्या आज्ञेवरून', 'येणेप्रमाणे वर्तावे' असले न कळणारे दरबारी शब्द ते सरळ गाळून टाकत. म्हणत, "ही नुसती झालर हाय. शेला पांघरावा, झालर कशाला मोजत बसायची?"

पाटीवर लिहिले होते, 'गावाने दरबारची एक हत्तीण पोसावी किंवा आपल्या तळ्याचा गाळ काढावा.' दाजींना 'किंवा' हा शब्द अनोळखी. त्यांना वाटले, हीही झालरच. त्यांनी वाचले, "गावानं दरबारची एक हत्तीण पोसावी, आपल्या तळ्याचा गाळ काढावा!"

झाले. गावाने दोन्हीला होकार कळवला, हत्तीण आली, तिच्याबरोबर एक माहूत आला, आणि त्याच दिवसापासून तळ्यात फावडी पडली. मोठी माणसे दिवसभर गाळ उपसू लागली. मग हत्तिणीला गवत कोण आणणार? पोरे! शाळेतली सगळी पोरे विळे घेऊन माळावर गेली. ओवरीत पंतोजी एकटे बसून राहू लागले.

पोरांना आधी मजा वाटली. हत्तीण होतीही गुणाची. पोरे तिला मावशी म्हणत. सगुणीवर तर तिचा फार जीव. सोंडेने वेणी ओढायची, तिच्या हातचा पहिला घास घेतल्याशिवाय इतरांचा घ्यायची नाही. पण हत्तिणीचे पोट ते हत्तिणीचे पोट! पोरांचे हात कापले, पायांत काटे मोडले. एकेकाचे शब्दही सुकू लागले. गलबतवाला तर 'गलबत' कसे लिहितात तेच विसरला.

एक दिवस पंतोजींनी निरोप धाडला, "होळी झाली की मी माझ्या गावी परत जातो. रिकाम्या ओवरीत बसून मी कुणाला शिकवू?" गावाने कपाळाला हात लावला, पण उपाय कुणालाच सुचेना. राजाची आज्ञा मोडायची कशी? पंतोजी गेले की शाळा कायमची जाणार, हे सगळ्यांना कळत होते. सगुणीला तर अजून धड वाचताही येत नव्हते.

त्याच दुपारी सगुणी गवताचा भारा घेऊन येत होती. दम लागला म्हणून चावडीच्या सावलीत टेकली आणि समोरच्या पाटीवर सहज अक्षरे लावू लागली. 'ह... त्ती... ण.' मावशीचे नाव बघून तिला आनंद झाला. 'पो... सा... वी.' आणि पुढे? 'किं... वा.'

परक्या गावच्या बाजारात आपल्या घरचे माणूस दिसावे, तशी ती हरखली. "अगं बाई, तू हितं काय करतोस?" असे त्या शब्दालाच म्हणाली. मग तिने पुढचे वाचले, पुन्हा मागचे वाचले. एका हातावर हत्तीण, दुसऱ्या हातावर गाळ. मध्ये किंवा.

तिचे हसू मावळले. समोर वडाखाली मावशी कान हलवत उभी होती.

त्या दिवशी सगुणीने कुणाला काही सांगितले नाही. मी तिला दोष देणार नाही. तुम्हीही देऊ नका. ज्याने कुणाला जीव लावला आहे, त्याला विचारा असला शब्द उच्चारणे किती जड जाते ते.

दुसऱ्या दिवशी ती ओवरीत गेली, तर पंतोजी चाचपडत आपले बोचके बांधत होते. ती खांबाशीच उभी राहिली.

"पंतोजी, मधी किंवा असंल आन् आपन दोन्ही बी घेऊन बसलो असलो, तर?"

"तर एक परत द्यायचं."

"द्यायचं जिवावर आलं तर?"

पंतोजींनी गाठ मारायची थांबवली. "तरी द्यावं लागतं, पोरी. नाहीतर दुसरंच काहीतरी हातचं जातं आणि आपल्याला कळतही नाही."

सगुणी हमसून हमसून रडली आणि तिने सगळे सांगून टाकले.

पंतोजी तिचा हात धरून चावडीवर गेले. गाव गोळा झाला. "दाजी," पंतोजी म्हणाले, "मला दिसत नाही. तुम्ही वाचा. फक्त आज एकही शब्द गाळू नका."

दाजींनी वाचले. 'किंवा'पाशी अडखळले, पण वाचले.

"आता ह्यो किंवा म्हंजे काय?" कुणीतरी विचारले.

सगुणी म्हणाली, "किंवा म्हंजे आपलं न्हाईतर."

मग गाळ उपसून कंबर धरलेले एक आजोबा ओरडले, "म्हंजे दोन्हीतलं एकच करायचं व्हतं?" आणि एकच गलका उडाला.

वाचकदाजी खाली बसले. त्यांचा खणखणीत आवाज पार उतरला होता. "झालर म्हनून उसवत आलो," ते म्हणाले, "आन् शिवनच उसवली. माझ्यापायी पोरांची शाळा गेली." त्यांना कुणी काही बोलले नाही. खोटे बोलून वागलेल्या माणसावर गाव चिडते. चुकलेल्या माणसाने चूक कबूल केली, की त्याच्यावर चिडत नाही.

दाजी स्वतः दरबारात जाऊन आले. तिथला कारभारी पोट धरधरून हसला. "आम्ही तर तुमच्या गावचं कौतुक करत होतो! म्हटलं, दोन्ही सेवा करणारं गाव राज्यात एकच!"

आता निवड करायची होती. तळे गावाचे, पाणी गावाचे आणि गाळही बराचसा निघालेला. गावाने तळे निवडले. माहूत हत्तिणीला घेऊन निघाला तेव्हा सगळी पोरे शिवेपर्यंत गेली. मावशीने सगुणीची वेणी एकदा ओढली आणि ती गेली.

पंतोजींनी बोचके सोडले. ओवरी पुन्हा भरली. आता पोरे धडाधड वाचेनाशी झाली. थांबत, विचारत, कधी भांडत वाचू लागली. मागच्या रांगेत वाचकदाजीही मांडी घालून बसू लागले.

"सगुणे," एक दिवस पंतोजी म्हणाले, "तुझा किंवा आता मोठा झाला. दुसरा शब्द माग. वाटेल तो माग. ऐरावत माग, चंद्रमा माग."

सगुणी म्हणाली, "मला 'आणि' द्या."

पोरे हसली. "आनखी एक बुटका!"

"का गं, आणिच का?" पंतोजींनी विचारले.

"त्यात कुनाला सोडावं लागत न्हाई," सगुणी म्हणाली.

पंतोजींनी हात पुढे करून तिचे डोके शोधले, त्यावर हात ठेवला आणि तो शब्द तिला दिला.

म्हणून बाळांनो, वाचताना लहानातल्या लहान शब्दाशीही ओळख करून घ्यावी. क्षुल्लक म्हणून आपण गाळतो, त्याच शब्दावर कधी कधी सगळा अर्थ उभा असतो.