छिन्नीचा घाव

गोष्ट फार जुनी नाही, पण तिच्यातली नाणी अडीच हजार वर्षांची आहेत. मोरेश्वर टिपणीस नावाचे एक गृहस्थ प्राचीन ग्रीकांची चांदीची नाणी जमवत. त्यांच्या मखमली खणात घुबडाचा छाप असलेली दोन नाणी होती. एक अगदी कोरं करकरीत, तर दुसऱ्याच्या घुबडावर छिन्नीचा खोल घाव. टिपणीस कोरं नाणं पुढे ठेवत आणि घावाचं मागे.

“तुझं थोबाड फुटलंय,” कोरं नाणं म्हणायचं. “पाहुणे आले की तू आपलं मागेच राहा.”

“राहीन की,” घावाचं नाणं शांतपणे म्हणायचं.

एकदा वेणूताई खरे नावाच्या जाणकार बाई प्रदर्शनासाठी नाणं निवडायला आल्या. टिपणीसांनी कौतुकाने कोरं नाणं पुढे केलं. वेणूताईंनी ते तोललं, भिंगातून त्याची कड पाहिली.

“हलकं आहे हो. आत तांबं, वर नुसता चांदीचा पत्रा.”

मग त्यांनी मागचं नाणं उचललं. “हे लपवलंत कशाला? त्या काळी शंका आली की व्यापारी छिन्नी मारून आत बघायचे. हा घाव बघा, तळापर्यंत चांदी आहे. हेच द्या.”

टिपणीस ओशाळले.

घावाचं नाणं डबीत जाताना कोऱ्याने हळूच विचारलं, “फार दुखलं होतं का?”

“दुखलं ना. भर बाजारात मारली होती छिन्नी. पण सगळे वाकून आत बघायला लागले, तेव्हा माझ्यापाशी लपवण्यासारखं काहीच नव्हतं.”