पाण्यातले घरटे

एका माळावर एक दगडी विहीर होती. तिच्या पाण्यात एक म्हातारे कासव राहत असे, आणि तिच्यावर झुकलेल्या बाभळीच्या फांदीला एका सुगरण पक्ष्याने आपले घरटे टांगले होते. मुलांनो, सुगरण पक्ष्यांमध्ये घरटे विणतो तो नर. मादी नुसती बघायला येते. पसंत पडले तर राहते, नाहीतर नाक मुरडून पुढच्या फांदीवर जाते. या नराकडे गेल्या वर्षी एक मादी राहिली होती. पण एका दुपारी वाऱ्याने घरटे असे कलंडले की तिची अंडी घरट्याच्या तोंडातून निसटून थेट विहिरीत पडली. ती उडून गेली. यंदा दुसरी आली होती, आणि तिने तीन पांढरी अंडी घातली होती.

हे पक्षी घरट्याला आतून ओल्या मातीचे दोन-चार गोळे लावतात, म्हणजे हलके घरटे वाऱ्यावर भिरभिरत नाही. जुनी माणसे सांगतात की त्या मातीत ते काजवे खोचतात, दिव्यासाठी. खरे काय ते काजव्यांनाच विचारा! आपल्या पक्ष्याकडून गेल्या वर्षी ते लावायचे राहून गेले होते, यंदा मात्र त्याने दोन गोळे लावले होते, अगदी बेताचे. पण गेल्या वर्षीची धास्ती त्याच्या मनातून जात नव्हती. एके सकाळी तो पाण्यालगतच्या पायरीवर जाऊन बसला. वर पाहिले तर आभाळाच्या उजेडाने डोळे दिपत. खाली पाण्यात मात्र सारे कसे निवांत होते. तिथे ढग होते, बाभळीची पिवळी फुले होती, आणि त्यांच्या मधोमध एक उलटे घरटे तरंगत होते. ते पाहता पाहता त्याला पेंग आल्यासारखे झाले. पायरीवर ओली माती साचली होती. त्याने सहज तिच्यात चोच मारली आणि पुन्हा पाण्याकडे पाहिले, तर काय! घरटे डावीकडे कललेले!

"बाप रे!" तो म्हणाला आणि मातीचा गोळा चोचीत धरून वर उडाला. तो त्याने घरट्याच्या उजव्या अंगाला चिकटवला. खाली येऊन, आणखी थोडी माती उकरून तो पाण्यात पाहतो, तर घरटे आता उजवीकडे! मग डाव्या अंगाला एक गोळा. मग पुन्हा उजव्या. असे चार दिवस चालले. घरटे काही सरळ होईना. तो दाणा टिपायचे विसरला, गाणे विसरला. घरटे मात्र जड होत होत खाली ओढले जाऊ लागले. मोठी माणसे 'अति तेथे माती' म्हणतात, ते काही उगीच नाही.

चौथ्या दिवशी दुपारी आत बसलेल्या मादीला वरून बारीकसा आवाज आला. घरट्याच्या देठातला गवताचा एक धागा तुटला होता. थोड्या वेळाने दुसरा तुटला. "अहो, देठ तुटतोय," ती म्हणाली. "माझी अंडी आहेत इथे."

"एवढा एकच गोळा," नर म्हणाला. "एवढ्याने सरळ होईल बघ."

हे सारे कासव पहिल्या दिवसापासून पाण्यातून पाहत होते. बोलावे की नाही हे ठरवण्यातच त्याचे चार दिवस गेले, कासवच ते. तिसरा धागा तुटला तेव्हा त्याने डोके वर काढले.

"अरे बाळा, घरटे कुठे कललेय?"

"हे काय आजोबा, पाण्यात दिसतेय की!"

"तू माती उकरतोस तेव्हा तिचे कण पाण्यात पडतात. हलते ते पाणी. चोच मीट आणि जरा बस."

पक्ष्याला बसवेना. पण वरून चौथ्या धाग्याचा आवाज आला, आणि आता त्याला दुसरे काही सुचतही नव्हते. तो बसला. पाण्यावरची वलये रुंद होत गेली, काठाला लागून विरली. ढग जागेवर आले. फुले जागेवर आली. मग घरटे दिसले, अगदी सरळ, पण किती खाली आलेले!

"आजोबा, मीच केले हे?"

"तूच. आता तूच काढ," कासव म्हणाले. "मी या विहिरीत किती हेलकावे पाहिले! लोक पाणी उपसतात, झरा ते भरून देतो. बेडूक फार झाले की पाणसाप येतो. बेडूक सरले की तो उपाशी निघून जातो, आणि पुन्हा बेडूक ओरडू लागतात. मी गारठलो की उन्हात येतो, तापलो की तळाला जातो. रोज सगळे हलते बाळा, आणि आपापल्या जागी परत येते. मी कधी कशाला हात लावला नाही."

संध्याकाळपर्यंत नर माती काढत होता. आधीचे दोन गोळे तेवढे त्याने ठेवले, आणि तुटलेल्या धाग्यांच्या जागी नवे गवत विणले. शेवटचा गोळा अजून चोचीतच होता, तोच वारा सुटला. घरटे एका अंगाला झुकले. गेल्या वर्षी झुकले होते तसेच. नराचे पंख आपोआप उघडले, आणि तो गोळा घेऊन धावणार, एवढ्यात आतून मादी हळूच म्हणाली, "अहो, थांबा ना."

तो थांबला. त्याच्या आयुष्यातले ते सर्वांत अवघड काम होते. घरटे झुकले, क्षणभर तसेच राहिले, मग आपले आपण सरळ झाले. दुसऱ्या बाजूला गेले, पुन्हा परत आले. आत तीन अंडी मादीच्या पोटाशी ऊबदार होती. खाली पाण्यात दुसरे घरटेही तसेच डुलत होते, आणि त्याच्याखाली कासव डोळे मिटून पडले होते. नराच्या चोचीतली माती केव्हाच वाळून गेली होती.

तात्पर्य : जे डुलून आपल्या जागी परत येते, त्याचा तोल शाबूत असतो, त्याला सावरायची घाई करणाराच ते कलंडवतो.