भरल्या मांडवातली न दिसलेली नवरी

यातला एक शब्द तरी खरा मानून दाखव. नाही मानायचास तू. लाव पैज. भले भले नाही मानत, तू तर अजून दुधात बिस्कीट बुडवून खातोस.

तर एका डोंगरावर एक गाव होतं. फार पूर्वीचं म्हणू नकोस, कारण गावात मोबाईल होते. ज्याच्या पायात चप्पल नव्हती त्याच्याही हातात मोबाईल होता. इंटरनेट मात्र एकाच तारेनं यायचं. घाटाखालच्या शहरातून ती तार वर चढायची, देवळामागच्या डब्यात शिरायची आणि तिथून सगळ्या गावाला पुरायची.

पुरायची, कारण तेव्हा लोक एकमेकांना लिहून पाठवायचे. 'जेवलास का.' 'गाय व्याली.' लिहिलेला शब्द म्हणजे मुंगी रे. तारेतून कितीही मुंग्या जाऊ देत, कुणाला पत्ता लागत नाही. बोललेला आवाज म्हणजे शेळी. तीही अंग चोरून निघून जाते. पण हलतं चित्र, तुमचा तो व्हिडिओ, तो हत्ती. आणि एक हत्ती आला, सगळ्यांनी मिळून बघितला, असं नसतं बरं. शंभर जणांनी एकच व्हिडिओ लावला तर शंभर हत्ती निघतात. ज्याचा त्याचा वेगळा. त्याच अरुंद घाटातून.

हळूहळू गावानं लिहिणं सोडलं आणि बघणं धरलं. आयुष्यभर भाकरी थापलेल्या बायका भाकरी कशी थापतात याचा व्हिडिओ लावून बसायच्या. चित्र अडकलं की बाप्ये देवळामागे जाऊन डब्याला शिव्या घालायचे, आणि घरी येऊन परत तेच लावायचे.

त्या गावातली एक मुलगी लग्नाची झाली. तिचा बाप जहाजावर स्वयंपाकी होता. जगभरच्या लोकांना जेवू घालायचा, पण लेकीच्या लग्नाला काही त्याला रजा मिळेना.

आता त्या गावाची एक रीत होती. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली, की भटजी गप्प व्हायचे. मग नवरीच्या बापानं तिला घरातल्या लाडक्या नावानं एक हाक मारायची. शेवटची. त्यानंतर त्या नावानं तिला कुणी बोलवायचं नाही. नवरीनं ओ द्यायची, मग अंतरपाट खाली, मग हार. हाक नाही तर हार नाही.

बाप म्हणाला, "त्या दिवशी जहाज बंदराला असेल. सुटेपर्यंत मोबाईल चालतो. मी व्हिडिओवर येतो. पोरीला डोळे भरून बघतो आणि हाक मारतो. मग समुद्रात ढकललंत तरी चालेल."

लग्नाचा दिवस आला. मांडव गच्च भरला. फोटोवाल्यानं लांबच्या पाहुण्यांसाठी लग्न लाइव्ह लावलं. नवरीची आत्या मोबाईल धरून उभी, मोबाईलात बाप, बापाच्या डोक्यावर स्वयंपाक्याची पांढरी टोपी. अंतरपाट धरला. मंगलाष्टकं झाली. भटजी गप्प झाले.

बापानं तोंड उघडलं आणि तो तसाच राहिला. तोंड उघडं, एक डोळा मिटलेला.

"दादा, हाक मार ना," आत्या म्हणाली.

मोबाईलातून 'खा' असं काहीतरी आलं, मग खरखर आली, मग काहीच नाही.

आत्यानं मदतीसाठी मान वर केली तर सगळा मांडव माना खाली घालून बसलेला. तिला वाटलं लोक देवाचं नाव घेतायत. जवळ जाऊन बघते, तर प्रत्येकाच्या हातात मोबाईल आणि प्रत्येक मोबाईलात हेच लग्न. चार हातांवर नवरी उभी आहे, आणि हे तिला मोबाईलात बघतायत. म्हणजे चित्र मांडवातून निघणार, घाट उतरून शहरात जाणार, तिथून वळून परत घाट चढणार आणि त्याच मांडवात येऊन बसणार. एक एक माणसाचा एक एक हत्ती. आत्या खांबाजवळच्या काकीकडे धावली.

"काकी, बंद करा तो मोबाईल. माझ्या भावाचा आवाज अडकलाय."

"मला खांब आडवा येतो गं."

"मग इकडे सरका."

"सरकले आणि जागा गेली तर?"

पहिल्या रांगेतल्या मामीपुढे तर खांबही नव्हता. ती म्हणाली, "मी लग्न कुठे बघतेय? मी मला बघतेय. माझी नथ वाकडी दिसते का, सांग बरं."

नवऱ्याचे काका म्हणाले, "आम्ही मुलाकडचे. आधी तुमच्याकडच्यांना बंद करायला सांगा, मग आमच्याकडे या."

एक म्हातारा म्हणाला, "माझा मोबाईल केवढासा बाळ, ह्याला लागून लागून किती लागणार?"

आत्या मागे आचाऱ्याकडे गेली. तोही कढईशी उभा राहून बघत होता. "अक्षता पडल्या की जिलब्या सोडायच्यात," तो म्हणाला. "मला कळणार कसं?"

"मी ओरडून सांगते की."

"कानात वायरी आहेत. ओरडलेलं मोबाईलातूनच ऐकू येतं."

आत्या धावत बोहल्याकडे आली, म्हटलं भटजींना तरी सांगावं. भटजींनी पंचांगाखालून मोबाईल काढून मागे लपवला. आणि मग तिची नजर अंतरपाटाच्या पलीकडे गेली. नवरा मुलगा मान तिरकी करून हातातल्या मोबाईलात नवरीला बघत होता.

"अहो जावईबापू," आत्या म्हणाली, "मग हा अंतरपाट आम्ही कशाला धरून ठेवलाय?"

"त्यातून काही दिसत नाही ना, आत्याबाई," तो अगदी शहाण्यासारखं म्हणाला.

इकडे मुलाकडचे चुळबूळ करायला लागले. मुहूर्त टळतोय, बाप नाही तर चुलत्यानं मारावी हाक. चुलत्यानं घसा साफ केला. एका हातात त्याच्याही मोबाईल होताच.

अंतरपाटामागून नवरी म्हणाली, "काका, तुम्ही मारलीत तर मी ओ देणार नाही. मग उभे राहा सगळे संध्याकाळपर्यंत."

कुणी हललं नाही. कुणी बंदही केलं नाही. प्रत्येक जण शेजारच्याकडे बघत होता की हा कधी बंद करतो.

तेवढ्यात आत्याच्या मोबाईलवर चार शब्द आले. बापानं लिहून पाठवले होते. मुंग्या त्या, हत्तींच्या पायांखालून निघून आल्या. 'भोंगा झाला. जहाज सुटतंय. मी व्हिडिओ बंद करतो, म्हणजे आवाज पोचेल.'

आत्यानं लिहिलं, 'दादा, मग तू बघणार कसा?'

उत्तर आलं, 'तुम्ही सगळे आहात ना बघायला.'

आणि मोबाईल काळा झाला. टोपी गेली, तोंड गेलं. ज्याचा बघायचा हक्क सगळ्यांत मोठा, त्यानंच बघणं सोडलं.

मग त्या काळ्या मोबाईलातून, मागच्या पडवीतून यावी तशी लख्ख हाक आली.

"ए खारूटे."

लहानपणी सारखं काही ना काही कुरतडत बसायची म्हणून खारूटी म्हणायचा तो तिला.

"ओ, बाबा."

अंतरपाट खाली पडला. आणि नेमका त्याच क्षणी, तुला सांगते, मांडवातला एक एक मोबाईल थिजला. नुसतं चाक फिरायला लागलं. कुणी मोबाईल हलवला, कुणी उंच धरला, कुणी शेजारणीच्यात डोकावलं. नवरा आपला मोबाईल तळहातावर आपटत होता. गळ्यात हार पडला तेव्हा दचकला. फोटोवाला, किती लोक बघतायत ते मोजायला स्वतःच्या मोबाईलात शिरला होता, आणि कॅमेरा वळला होता मांडवाच्या झालरीकडे. चित्र परत हललं तेव्हा दोघांच्याही गळ्यात हार होते. अक्षता लोकांच्या मुठीत घामानं ओल्या झाल्या होत्या. नवरानवरी देवाच्या पाया पडायला देवळात निघूनसुद्धा गेली.

लोकांनी तोंडं वर केली. "झालं?" एकानं विचारलं. "कधी?"

एकेक करून मोबाईल खिशात गेले, कनवटीला गेले, पिशवीत गेले. आता बघायला काही उरलंच नव्हतं.

आत्याच्या हातातून बापाचा आवाज आला, मागे जहाजाचं इंजिन धडधडत होतं. "लागलं ना गं लग्न? कशी दिसत होती माझी पोर? अंतरपाट पडला तेव्हा हसली की रडली?"

आत्या तेव्हा काळ्या मोबाईलकडेच बघत राहिली होती. तिनं नवरीच्या आईकडे बघितलं. आईनं पदर तोंडाला लावला. तिच्याही कमरेला मोबाईल होता. मग आत्यानं तो मोबाईल साऱ्या मांडवापुढे धरला. "सांगा ना कुणीतरी त्याला. हसली की रडली?"

मामी नथ चाचपायला लागली. मुलाकडच्यांनी मुलीकडच्यांकडे बघितलं. खांबाजवळची काकी खांबाआड सरकली. भटजी पंचांगाची पानं उलटायला लागले.

"हॅलो," बाप म्हणत होता. "हॅलो. मला तर आता एकदम स्वच्छ ऐकू येतंय. कढईचासुद्धा आवाज येतोय. मग कुणी बोलत का नाही?"

जहाज लांब जाईपर्यंत तो विचारत होता.

तात्पर्य: समोरचं आहे ते डोळ्यांनी बघावं, आणि तारेतली वाट लांबच्या माणसाला सोडावी. कारण माझ्या एकट्यानं काय होतंय, असं भरल्या मांडवातला प्रत्येक जण म्हणतो.

झालं. असा आ करून बसू नकोस, माशी जाईल. कुणाला ही गोष्ट पाठवायची असेल तर लिहून पाठव, माझा व्हिडिओ काढू नकोस. ऊठ, जा आता.